आतून तपासलं, नॉर्मल आहे

"हिला टेबलावर घेऊ नकोस. खाली पेपर टाक."

मॅडम आयाबाईला म्हणाली. माझ्याशी नाही बोलली. मी समोर उभी होते, केसपेपर हातात धरून, आणि ओली छत्री कुठं ठेवायची ते सांगावं तसं तिने माझ्याबद्दल सांगितलं.

आयाबाईने कोपऱ्यातल्या रद्दीतून एक पान ओढलं, फरशीवर अंथरलं आणि बोटाने दाखवलं. मी चपला काढून त्या पानावर उभी राहिले. पानावर विरारच्या कुठल्याशा नव्या बिल्डिंगची जाहिरात होती. हसरा नवरा, हसरी बायको, दोन गुटगुटीत पोरं. मला तेव्हा रक्त जात होतं. आणि माझं सगळं लक्ष कुठं होतं, तर त्या पानावर डाग पडू नये याच्याकडे. दुसऱ्याची फरशी खराब होऊ नये म्हणून मी मांड्या आवळून उभी होते. आज हे आठवलं की त्या बाईपेक्षा मला माझाच जास्त राग येतो.

त्या वेळी मी तिला अहो-जाहो करत होते. अहो मॅडम, हो मॅडम, बरं मॅडम. इथं करणार नाही. तिने मला एकदाही केलं नाही, आणि मी ती उधळपट्टी खूप वर्षं केली.

विरार पूर्वेला तिचं नर्सिंग होम होतं. दोन मजले, खाली केमिस्ट. बायकांची मोठी डॉक्टर म्हणून नाव होतं. केबिनमध्ये भिंतीवर फोटो. ह्या मंडळाने शाल दिली, त्या मंडळाने नारळ दिला. दर महिला दिनाला ती हॉलमध्ये भाषण करायची, 'भगिनींनो, लाज सोडा, वेळेवर तपासून घ्या.' मी ते भाषण एकदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. म्हणून तर तिच्याकडे गेले. भाषणाला भुलून गेले, दुसरं काय.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. माझा नवरा टेम्पो चालवायचा. तो गेला त्याला चार वर्षं झाली होती. तो गेला त्या वर्षी माझं रक्त तपासलं आणि मलाही एचआयव्ही आहे हे कळलं. मुलीचं तपासलं, तिला नव्हतं. ती चौथीत होती. मुंबईला सरकारी हॉस्पिटलात मोफत गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी पहिल्या वर्षीच लायनीत उभी राहिले. गोळ्यांनी अंग धरलं. फुलपाड्यातल्या चाळीत माझी खोली होती, सातिवलीला कामाला जायचे. मरायची तयारी केलेली बाई पुन्हा मुलीच्या दहावीचा विचार करायला लागली होती. मला एवढंच हवं होतं, तिची दहावी बघायची.

मग पाळीच्या मधेच रक्त जायला लागलं. आधी थोडं. मग कपडा भिजेपर्यंत. घाण वास. कंबर अशी दुखायची की टमटममधून उतरताना दांडा धरून उतरायला लागायचं.

गोळ्यांच्या सेंटरवर सांगितलेलं होतं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आपला आजार लपवू नका. मी लपवला नाही. मॅडमच्या समोर बसले, तपासणीआधीच सांगितलं. तिचं पेन थांबलं. खुर्ची तिने मागे घेतली. पायाने. हात टेबलावरच होते, फक्त खुर्ची मागे गेली.

"नवरा काय करायचा?"

"ड्रायव्हर होता."

"हं. मग झालंच."

त्या 'झालंच'मध्ये माझा नवरा, मी, आमची चाळ सगळं आलं. ती पुढे एवढंच म्हणाली, "आता उठ. तिकडे उभी राहा." आणि मग आयाबाईला ते पेपरचं वाक्य.

पेपरावर उभं करून तिने मला पाच हातांवरून विचारलं. कधीपासून जातंय. किती जातंय. वास येतो का. वास येतो म्हटल्यावर आयाबाईने नाकाला पदर लावला. मॅडमने लावला नाही, तेवढी ती शिकलेली होती. हातमोज्यांचा डबा टेबलावर होता. नवा, वरची चिकटपट्टीसुद्धा नीट निघालेली नव्हती. मी त्या डब्याकडे बघत होते. मला वाटत होतं आता उठेल, आता घालेल.

"हे बघ, तुझ्या आजारात हे असं होतच राहणार. अशक्तपणा असतो. पिशवीचं तुला आता करायचंय काय? गोळ्या लिहून देते, खा-पी, देवाचं नाव घे."

लिहिलं. कागद टेबलाच्या कडेला सरकवला. मी घेतला. ज्या खुर्चीवरून मला उठवलं होतं ती आयाबाई फिनेलने पुसत होती, माझ्यासमोर. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "थँक्यू मॅडम." दोन्ही हात जोडून. आयुष्यात मी बऱ्याच मूर्खासारख्या गोष्टी केल्या, पण त्या थँक्यूला तोड नाही.

त्या रविवारी चांदीपला माहेरी गेले. आईला सांगितलं. आईने आधी तांब्या पुढे केला. "पानी पी." मग बाहेर भाऊ-भावजय नाहीत बघून हळूच म्हणाली, "कोनाला सांगू नको हां. डाक्टरीन बोलली ना काय नाय, मंग काय नाय." आईचा जीव तुटत होता, मला दिसत होतं. पण ती आयुष्यभर हेच करत आली. कोनाला सांगू नको. नवरा मारतो, कोनाला सांगू नको. जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली, कोनाला सांगू नको. मी पाणी प्यायले आणि परत आले.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

सातिवलीला आमच्या गाळ्यात कुकरच्या रबरी रिंगा बनायच्या. मी चेकर. रिंग हातात घ्यायची, आतल्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग बाहेरच्या. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. दिवा कितीही मोठा लावा, नाही दिसत. अंगठ्याला लागते. म्हणून चेकरने अंगठ्याचं नख वाढवायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. पन्नास रिंगांचं एक पाकीट. पाकिटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर चेकरचा नंबर. माझा चौदा. रिंग खराब निघाली की पाकीट चिठ्ठीसकट परत यायचं आणि सगळ्यांसमोर नंबर पुकारला जायचा.

नवरा शेवटाला टेकला होता तेव्हा मी एकदा तीन पाकिटं न बघता भरली. हात चालत नव्हता, डोकं घरी होतं. रिंगा मोजल्या, चिठ्ठ्या टाकल्या, पाकिटं बंद. पंधरा दिवसांनी एक परत आलं. सुपरवायझरने मला बोलावलं. शिवी दिली नाही. म्हणाला, "चेकिंग झालं नाही तर झालं नाही म्हण. पाकीट बाजूला ठेव, मी दुसरीला देईन. पण न बघता नंबर टाकायचा नाही. नंबर टाकला म्हणजे बघितलं असं तू पुढच्याला सांगतेस. मग पुढचा कोणी बघत नाही." आणि त्या आठवड्यातली माझी सगळी पाकिटं फोडून मला परत बघायला लावली. दिवसभर उभ्याने. बाकीच्या बायका बघत होत्या. मान खाली घालून केलं. पण तो अपमान मी कधी मनात ठेवला नाही. चूक माझी होती. कुणाच्या तरी घरी वाफ तोंडावर आली असती.

पुढचा कोणी बघत नाही. हे वाक्य मला मॅडमकडे जाऊन आल्यावर आठ महिन्यांनी कळलं.

कारण मी गप्प बसले होते असं नाही. दर महिन्याला गोळ्यांच्या लायनीत उभी राहायचे आणि दर महिन्याला सांगायचे की रक्त जातंय. तिथला डॉक्टर विचारायचा, "कुठे दाखवलं का?" मी मॅडमचा कागद पुढे करायचे. तो वाचायचा. "दाखवलंय की. नॉर्मल आहे." कागद परत, पुढचा नंबर. चार वेळा असं झालं, नंतर तो कागदही मागेना. त्याचीही फार चूक म्हणत नाही मी. मागे रांग जिन्यापर्यंत असायची. कागद इंग्रजीत होता. मी आठवी पास. अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मला वाटायचं औषधाचं काहीतरी लिहिलं असेल.

मग तो डॉक्टर बदलून एक मुलगी आली. नवीच होती, पंचवीस-सव्वीसची, केस वर बांधलेले, एप्रनच्या खिशाला शाईचा डाग. तिने कागद वाचला आणि मान वर केली.

"आठ महिन्यांपूर्वी आतून तपासलं, नॉर्मल होतं?"

"आतून?" मी म्हटलं.

"इथे लिहिलंय. आतून तपासणी केली. गर्भपिशवीचं तोंड बघितलं. नॉर्मल. काही दोष नाही."

मी तिला म्हटलं, "मला टेबलावर चढूच दिलं नाही. पेपरवर उभं केलं होतं."

तिने कागद खाली ठेवला. परत उचलला. परत वाचला. मला पडद्यामागे घेऊन गेली, टेबलावर झोपवलं, हातमोजे घातले. "थोडं दुखेल. दुखलं तर सांगा, मी थांबते." सांगा म्हणाली. माझ्याएवढ्या बाईला कुणीतरी 'सांगा' म्हणालं तर रडायला येऊ नये, पण आलं. हात बाहेर काढला तेव्हा मोजा लाल झाला होता. तिने तो बघितला आणि मोजा काढायलाच विसरली, तशीच उभी राहिली.

तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी सांगितलं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. बाजूला पसरायला लागलाय. ऑपरेशनची वेळ गेली, मशीनवर रेडिएशनचा शेक द्यावा लागेल. "आठ महिन्यांपूर्वी बघितलं असतं तर लहान असतं. कदाचित ऑपरेशनने गेलं असतं." कदाचित म्हणाली, उगाच ठाम बोलली नाही.

मी विचारलं, "हे त्या आजारामुळेच ना? होणारच होतं ना?"

ती म्हणाली, "तुमच्यासारख्या बायकांना ह्याचा धोका जास्त असतो हे खरं. म्हणून तर जास्त बघायला पाहिजे. पूर्वी पेशंट टीबीने, जुलाबाने वर्ष-दोन वर्षांत जायचे. कॅन्सर होईपर्यंत माणूस राहायचाच नाही. आता गोळ्यांनी माणसं जगायला लागली आणि आम्हाला हे दिसायला लागलं. बायकांना पिशवीचा. पुरुषांना मानेत, काखेत गाठी येतात, त्याला सगळे टीबी समजून टीबीच्याच गोळ्या देत बसतात. तो दुसराच कॅन्सर निघतो."

त्या लायनीत मी कितीतरी मानेला गाठ आलेली माणसं बघितली होती. ती दिसेनाशी झाली की आम्ही म्हणायचो, गेला बिचारा, त्याचा आजार वाढला. सगळं त्या एकाच आजाराच्या पोत्यात टाकायची सवय आम्हालाही लागली होती. डॉक्टरांनी टाकलं, आम्ही तोंड बांधून दिलं.

परत येताना मला सुनंदा आठवली.

सुनंदा माझी गोळ्यांच्या लायनीतली मैत्रीण. वसईच्या किनाऱ्याकडची, वाडीवाली. घरची केळी, घरची फुलं, विहीर, दुमजली घर. नवरा गेल्यावर आणि आजार कळल्यावर सासरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं. पूर्वी त्या खोलीत केळी पिकायला घालायचे. तिलाही माझ्याच सुमारास रक्त जायला लागलं होतं, आणि तिला त्याच मॅडमकडे कुणी पाठवलं होतं? मीच. मोठी डॉक्टर आहे म्हणून. हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. सुनंदा अंथरुणाला खिळली होती. पाय सुजलेले, लघवी बंद व्हायला आलेली, चेहऱ्यावर राखेचा रंग. जावेने ताट उंबऱ्याच्या आत पायाने सरकवलेलं होतं, भात तसाच पडलेला.

"सुनंदा, तुला त्या मॅडमनी टेबलावर घेतलं होतं का गं?"

"नाही गं. उभंच ठेवलं. खाली पेपर टाकला." मग म्हणाली, "मला वाटलं आपल्याला असंच तपासतात."

आपल्याला असंच तपासतात. हे ती पडल्या पडल्या अगदी साधेपणाने म्हणाली, कुणाबद्दल तक्रार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे. माझ्या वेळी नव्हती गेली.

तिची कागदांची पिशवी खुंटीला होती. कागद काढला. तेच नर्सिंग होमचं नाव, तीच मॅडमची सही, आणि त्याच ओळी. अर्थ लागत नसला तरी अक्षरं मला लागतात. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून मी एकेक अक्षर बोटाने लावून बघितलं, रिंग बघावी तसं. एका अक्षराचाही फरक नव्हता.

"हा कागद मी नेऊ?"

"ने. मला काय करायचाय."

सोमवारी हाफ डे टाकला आणि सकाळच्या ओपीडीला नर्सिंग होमला गेले. बाहेर दहा-बारा बायका बसल्या होत्या. पोटुशी होत्या, कुणाच्या मांडीवर तान्हं. नाव पुकारायची वाट बघितली नाही. सरळ केबिनमध्ये गेले, दार उघडंच ठेवलं. त्या खुर्चीवर बसले. तीच, फिनेलची.

मॅडमने ओळखलं नाही. आठ महिन्यांत माझं बारा किलो वजन गेलं होतं. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि वर माझा बायप्सीचा रिपोर्ट ठेवला. तिने रिपोर्ट वाचला, मग कागद. मग ओळखलं, कारण खुर्ची मागे गेली.

"काय पाहिजे तुला?"

"आतून तपासलं असं लिहिलंय. तुम्ही मला हात लावला नव्हता."

"तो फॉरमॅट असतो. सगळ्यांच्याच पेपरवर लिहावं लागतं."

"न तपासता?"

"हे बघ, मी तपासलं असतं तर तुझा आजार गेला असता का? तुम्हा लोकांचं हे असंच. आधी करून ठेवायचं आणि मग डॉक्टरवर यायचं. माझे बाकीचे पेशंट आहेत. बाळंतिणी आहेत. मला त्यांचा विचार करावा लागतो."

"मग तसं लिहायचं होतं. भीती वाटली म्हणून बघितलं नाही, असं. मी दुसरीकडे गेले असते. तुम्ही बघितलंय असं लिहिलंत, म्हणून पुढच्या कुणीच बघितलं नाही. मी चार वेळा हा कागद दाखवला. चार वेळा मला परत पाठवलं."

"आवाज खाली कर."

"आमच्या गाळ्यात रबराच्या रिंगा बघतात, मॅडम. तिथेसुद्धा असं लिहिलं तर पाकिटं फोडून परत बघायला लावतात. दिवसभर उभ्याने. मी केलंय. तुम्हाला कुणी लावत नाही का?"

आणि मग एक गोष्ट झाली. तिचा आवाज बदलला. मऊ झाला. "बस. पाणी घेतेस? अगं, तुझी तब्येत बघ कशी झालीये. मी मुंबईला ओळखीच्या डॉक्टरना चिठ्ठी देते, ताबडतोब घेतील. ते दोन कागद दे इकडे. जुने झालेत. नवीन करून देते."

हात पुढे केला. जो हात मला लावायला तयार नव्हता तो कागदासाठी टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आला. तेव्हा मला कळलं, ही बाई कशाला भिते. आठ महिने मला वाटत होतं तिला माझी किळस आहे, म्हणजे माझ्यातच काहीतरी किळसवाणं असणार. किळस कसली. साधी भित्री बाई. आधी रक्ताला भ्यायली, आता कागदाला भ्यायली. भिंतीवर एवढ्या शाली आणि आत एवढंसं काळीज. मला तिची कीव यायला हवी होती म्हणतात लोक. मला नाही आली.

टेबलावर तिचं पेन होतं. निळं, सोनेरी टोपणाचं, कुठल्यातरी कंपनीने भेट दिलेलं. मी ते उचललं. तिने एकदम हात मागे घेतला. माझा कागद समोर ओढला आणि त्या इंग्रजी ओळींच्या खाली मराठीत लिहिलं: 'हात लावला नाही. पेपरवर उभं केलं.' खाली तारीख. आणि सही करायच्या जागी, हात सवयीने गेला, चौदा नंबर लिहिला. मग सुनंदाचा कागद घेतला. 'हिलाही लावला नाही.' चौदा.

मोठ्याने वाचून दाखवलं. दार उघडं होतं.

बाहेरच्या बायकांनी ऐकलं. आता त्या काय करतील असं वाटतं तुम्हाला? माझ्या बाजूने उठतील? एकीने तान्ह्याच्या तोंडावर पदर ओढला. दुसरी बाक सोडून लांब उभी राहिली. एक चांगल्या घरची, नोकरदार बाई म्हणाली, "अहो, इथे गरोदर बायका आहेत, थोडी तरी अक्कल. जा ना तुम्ही." तिच्याही हातात ह्याच मॅडमचा कागद होता. त्यात काय लिहिलंय ते तिला वाचता येत होतं. खरं आहे की नाही ते मात्र तिला कसं कळणार.

पेन टेबलावर परत ठेवायला गेले तर मॅडम म्हणाली, "नको. घेऊन जा ते." मी घेतलं. थँक्यू म्हटलं नाही.

जिन्यात आयाबाई मागून आली. पदराने हात पुसत होती. हळूच म्हणाली, "ताई, बरं केलंत. तुमच्यासारख्या सात-आठ जणी आल्या असतील. एकीलाही टेबलावर घेतलं नाही. मला सगळं माहीत आहे."

"पेपर कुणी टाकले?"

ती परत पदराने हात पुसायला लागली.

"पेपर तुम्हीच टाकलेत ना? मग जिन्यात कशाला सांगता. वर जाऊन सांगा."

तिचं पोट त्या नोकरीवर होतं, मला कळत होतं. माझंही नोकरीवरच होतं. ती वर गेली, पण सांगायला नाही गेली.

सुनंदा तीन आठवड्यांनी गेली. तिच्या घरच्यांनी बाहेर सांगितलं, कावीळ झाली होती. मेल्यावरसुद्धा तिला खरा आजार मिळाला नाही. जिवंतपणी तिचा कॅन्सर दुसऱ्या आजाराखाली दाबला आणि मेल्यावर ते दोन्ही काविळीखाली. मी तिच्या जावेला तोंडावर सांगितलं, कॅन्सरने गेली, तपासलं नाही म्हणून गेली. जाऊ म्हणाली, आता तमाशा नको. दारात केळीचा घड टांगलेला होता, त्याच्याकडे बघत म्हणाली.

मला पाच आठवडे शेक दिला. रोज जाऊन यायचं. आतून कातडी भाजून निघाली, जेवण पोटात राहायचं नाही. गोळ्या चालू होत्याच. गाठ बसली. परत उठणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि आता लिहून दिलेल्यावर माझा तसा विश्वासही नाही. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढून जिथे तक्रार करतात तिथे रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. पोचपावती आली. उत्तर आलं नाही. पुढच्या महिला दिनाला मॅडमचं भाषण झालं. लाज सोडा, वेळेवर तपासून घ्या. मुलीने बोर्ड वाचून मला सांगितलं.

मुलीची दहावी मी बघितली. ते माझं मला मिळालं. मॅडमने दिलेलं नाही.

सातिवलीचं काम सुटलं, गोळ्यांनी अंगठ्याला मुंग्या येतात, चीर लागत नाही. आता मी दुसरं काम करते. पगार नाही त्याला. आमच्या लायनीतली कुठलीही बाई, रक्त जातंय म्हणाली, पांढरं जातंय म्हणाली, की मी तिच्याबरोबर जाते. पुरुषाच्या मानेत गाठ असेल तर त्याच्याबरोबर जाते. केबिनमध्ये आत जाते. "तुम्ही कोण?" विचारतात. "चेकर," मी सांगते. बाहेर थांबा म्हणतात. मी थांबत नाही. डॉक्टर हातमोजा घालेपर्यंत उभी राहते, हात लावेपर्यंत उभी राहते, मग लिहितात ते वाचून घेते. तेवढं इंग्रजी मी शिकले. मुलीकडूनच शिकले, स्वयंपाक करता करता. बरेच जण नीट तपासतात. रागावतात, पण तपासतात. काही जण मला बघून तपासतात. मला चालतं.

आणि जो न तपासता लिहितो, त्याच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहिते. त्याच्यासमोर, दार उघडं ठेवून. पेन तेच आहे. सोनेरी टोपण कधीच तुटलं, रिफिल मी बदलत असते.